'ताई, पासवर्ड विचारतच नाही!'

वाचकांचे प्रश्न : सर्व्हरच्या खोलीतून

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की एका लाइनवर बरीच माणसं नेट वापरत असतील तर मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर (सगळ्यांच्या वतीने नेटशी बोलणारा मधला संगणक) बसवावा आणि प्रत्येकाला आपापलं नाव-पासवर्ड द्यावा. दोनच वाक्यं होती. त्यावर आलेली पत्रं टेबलाच्या खणात मावेनाशी झाली, म्हणून हा महिना त्यांचाच. एक सूचना आधी देते. या सदरात कमांड आणि फायलींची नावं देवनागरीत छापतात. टाइप करताना ती रोमन लिपीत करायची. जिथे अधोरेषा दिसेल तिथे ती हवीच, जागा सोडून चालणार नाही.

प्रश्न : नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. ६४ खुर्च्या, बहुतेक मुलं एमपीएससीची. १०० एमबीपीएसची एकच लाइन. वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावला होता, तो महिन्याभरात खालच्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचला. संध्याकाळी सातनंतर साधं पान उघडत नाही. भाच्याने जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू लिनक्स आणि स्क्विड हा प्रॉक्सीचा प्रोग्रॅम टाकून दिला. प्रत्येक मुलाला वेगळा पासवर्ड द्यायचा ठरलं होतं. त्याने सगळ्या ओळी घातल्या, पण ताई, पासवर्ड विचारतच नाही! सगळ्यांना सरळ नेट मिळतं. भाचा आता बंगळुरूला. कुठे चुकलं? फाइलची प्रत सोबत जोडली आहे.
— अभ्यासिकाचालक, नवी पेठ

उत्तर : स्क्विडच्या सेटिंगची स्क्विड.कॉन्फ ही फाइल मुळात हजारो ओळींची असते आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या टिप्पण्या असतात. तुम्ही त्या गाळून, कामाच्या तेवढ्याच ओळी छापून, वर स्टेपल मारून पाठवल्यात. तुमच्यासारखे प्रश्नकर्ते मला कॉलेजात असताना का नाही भेटले!

दोष दुसऱ्या पानावर सापडला. भाच्याच्या ओळी बरोबर आहेत, जागा चुकली आहे. पासवर्डच्या नियमाच्या वर ही ओळ राहून गेली आहे :

एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ लोकलनेट

म्हणजे 'आपल्या नेटवर्कमधला कोणीही असो, सोडा'. स्क्विड हे नियम वरून खाली वाचत जातं आणि पहिला जो लागू पडेल तिथेच थांबतं. खाली काय लिहिलंय ते बघतही नाही. गणपतीच्या महाप्रसादाला मांडवाच्या तोंडाशीच एखादे काका 'या, या, बसा पानावर' करत उभे असतील, तर आत कुपनं तपासायला बसवलेल्या पोराने काय करायचं? तुमच्याकडे तो पोरगा बिचारा तयार होऊन बसलाय, त्याच्यापर्यंत कोणी जातच नाही.

तेव्हा ती ओळ काढा, किंवा तिच्या सुरुवातीला हॅश लावून ठेवा. त्याच्या वरचे सेफ_पोर्ट्स आणि कनेक्टचे नकाराचे नियम मात्र जिथे आहेत तिथेच राहू द्या, त्यांना हात लावू नका. त्यांच्या खाली हे असं यायला हवं :

ऑथ_पॅराम बेसिक प्रोग्रॅम /यूएसआर/लिब/स्क्विड/बेसिक_एनसीएसए_ऑथ /ईटीसी/स्क्विड/पासवर्ड
एसीएल सभासद प्रॉक्सी_ऑथ रिक्वायर्ड
एचटीटीपी_ॲक्सेस अलाउ सभासद
एचटीटीपी_ॲक्सेस डिनाय ऑल

पहिली ओळ सांगते की पासवर्ड तपासायला कोणता प्रोग्रॅम बोलवायचा आणि पासवर्डांची फाइल कुठे आहे. स्क्विड स्वतः पासवर्ड तपासत नाही, ते काम एका छोट्या मदतनीस प्रोग्रॅमकडे देतं. त्याच्या नावातलं एनसीएसए म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातलं सुपरकॉम्प्युटिंगचं केंद्र. तिथल्या जुन्या वेबसर्व्हरची पासवर्ड फाइल जशी असायची तशीच ही. 'सभासद' हे नाव मी ठेवलं, तुम्ही 'पोरं' ठेवलंत तरी चालेल, फक्त ते रोमनमध्ये लिहा. 'रिक्वायर्ड' मात्र पूर्ण कॅपिटल अक्षरांत. आणि शेवटची 'डिनाय ऑल' विसरू नका.

नेटवर सापडणाऱ्या जुन्या लेखांत त्या मदतनिसाचं नाव नुसतं एनसीएसए_ऑथ असं दिसेल. स्क्विडच्या ३.२ आवृत्तीपासून त्याच्या पुढे 'बेसिक_' लागलं. जुनं नाव घातलंत तर स्क्विड सुरूच होणार नाही, 'नो सच फाइल' म्हणून मोकळं होईल. रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल तर लिबच्या जागी लिब६४ येतं.

आता पासवर्डांची फाइल. ती एचटीपासडब्ल्यूडी नावाच्या कमांडने करतात. उबुंटूत ती अपाचे२-यूटिल्स या पॅकेजमधून येते. अपाचे सर्व्हर बसवायची गरज नाही. पहिल्या मुलाचं नाव घालताना 'वजा सी' हा पर्याय द्यायचा, म्हणजे फाइल नवी तयार होते. दुसऱ्या मुलापासून तो द्यायचा नाही. इथे मी जरा थांबते, कारण या एका अक्षराने माझा एक अख्खा दिवस खाल्ला आहे.

२००७ साल. एका कॉलेजची लॅब माझ्याकडे होती. रजिस्टर समोर ठेवून तीन दिवस बसून मी १८० मुलांची खाती केली. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी उशिरा प्रवेश घेऊन आली. मी टर्मिनलवर वरचा बाण दाबत दाबत जुनी कमांड शोधली, नाव बदललं, एंटर मारलं. पडद्यावर आलं, 'ॲडिंग पासवर्ड फॉर यूजर' आणि तिचं नाव. छान. मी चहाला गेले. ती कमांड नेमकी पहिल्या दिवशीची, वजा सी असलेली होती. फाइल नव्याने तयार झाली आणि तिच्यात ती एकटी मुलगी उरली. कसली ताकीद नाही, 'खरंच पुसू का' असा प्रश्न नाही.

गंमत म्हणजे लगेच काहीच बिघडलं नाही. एकदा तपासलेला पासवर्ड स्क्विड काही काळ लक्षात ठेवतं, ठरावीक मुदत २ तासांची असते. त्यामुळे आधीपासून बसलेली मुलं निवांत काम करत होती. मग साडेबाराच्या सुमारास एकेकाच्या पडद्यावर पासवर्डची खिडकी उगवायला लागली. पहिल्या दोघांना मी 'नीट टाइप करा' म्हणून रागावले. पाचव्याला रागवताना माझाच आवाज बसला. फाइल उघडून बघितली तर एकच ओळ. बॅकअप? तेव्हा कुठला बॅकअप. रात्री आठपर्यंत बसून पुन्हा १८० खाती केली आणि सगळ्यांना नवे पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. तुम्ही ६४ जणांचं करणार आहात. झालं की त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मग चहाला जा.

फाइल झाली की तिची मालकी बघा. उबुंटूत स्क्विड 'प्रॉक्सी' नावाच्या वापरकर्त्याच्या अंगाने चालतं, तेव्हा ती फाइल त्याला वाचता आली पाहिजे आणि बाकी कोणाला वाचता येता कामा नये. गट 'प्रॉक्सी' करा आणि परवानगी ६४० ठेवा. हे राहिलं तर मोठा घोळ होतो. तुम्ही रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून हाताने तपासता तेव्हा सगळं ठीक दिसतं, कारण रूटला सगळंच वाचता येतं. स्क्विडमार्फत गेलं की मदतनीस कोसळतो आणि कॅशे.लॉग या स्क्विडच्या नोंदवहीत 'परमिशन डिनाइड' दिसतं. म्हणून तपासायचं तर त्याच्याच अंगाने तपासा : 'सुडू वजा यू प्रॉक्सी', पुढे मदतनिसाचा पूर्ण पत्ता, पुढे पासवर्ड फाइलचा पत्ता. कर्सर नुसता लुकलुकत बसेल. तिथे नाव, एक मोकळी जागा, पासवर्ड असं टाइप करून एंटर मारा. 'ओके' आलं तर बरोबर, 'ईआरआर' आलं तर चूक. ब्राउझर, वायफाय, राउटर या सगळ्यांना बाजूला ठेवून दोष कुठे आहे ते या एका चाचणीत कळतं. पंधरा मिनिटं डोकं खाजवण्याआधी ही करत जा.

मग 'स्क्विड वजा के पार्स'. फाइलमध्ये लिहिण्याची चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासह सांगतं. चूक दाखवली नाही तर 'स्क्विड वजा के रीकॉन्फिगर', म्हणजे स्क्विड बदललेली फाइल उचलतं. पुढे नुसती मुलं वाढवताना-घटवताना यातलं काही करावं लागत नाही. पासवर्ड फाइल बदलली की मदतनीस ती आपणहून पुन्हा वाचतो. एखाद्याचं नाव काढलंत तरी तो तास-दोन तास चालू दिसला तर दचकू नका. ती मघाचीच २ तासांची आठवण. क्रेडेन्शियल्सटीटीएल या नावाने ती कमी करता येते.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते. प्रॉक्सीने पासवर्ड विचारला म्हणून खानावळीतला माणूस थांबेलच असं नाही. त्याने फोनमधलं प्रॉक्सीचं सेटिंग काढून टाकलं की तो राउटरमधून सरळ बाहेर! तेव्हा राउटरच्या फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ या पोर्टांवरून (वेबसाइटांची वाहतूक ज्यांतून जाते ती दारं) बाहेर जायला फक्त त्या डेस्कटॉपला मुभा ठेवा, बाकी सगळ्यांना बंद. ४४३ हे टीसीपी आणि यूडीपी (माहिती पाठवायच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी बंद करायचं. क्रोम हल्ली यूडीपीवरूनही निघून जातो. तुमच्या राउटरमध्ये ही सोय नसेल तर त्या डेस्कटॉपला दुसरं नेटवर्क कार्ड घाला आणि लाइन त्याच्यातूनच आत घ्या. आणि उलट बाजूही बघा : स्क्विडचं ३१२८ पोर्ट बाहेरच्या जगाला दिसता कामा नये. उघडा प्रॉक्सी सापडला की परके लोक त्याच्या आडून काय वाटेल ते करतात आणि पत्ता तुमचा लागतो.

मुलं एकमेकांना पासवर्ड देतील. देणारच, एका ताटात जेवणारी पोरं ती. त्यासाठी मॅक्स_यूजर_आयपी नावाचा नियम आहे : एक नाव एका वेळी किती आयपी पत्त्यांवरून (नेटवर्कमधला प्रत्येक यंत्राचा क्रमांक) चालेल ते ठरवतो. आकडा २ ठेवा, लॅपटॉप आणि फोन. त्यासोबत ऑथेंटिकेट_आयपी_टीटीएल ही मुदत वाढवावी लागते, नाहीतर स्क्विड पत्ते लगेच विसरतं आणि नियम कागदावरच राहतो. ६० सेकंदांपासून सुरुवात करून बघा. हा नकाराचा नियम 'अलाउ सभासद'च्या वर ठेवायचा. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

अँड्रॉइड फोनची एक तक्रार येईल. वायफायच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट घालता येतं, नाव-पासवर्ड घालायला जागाच नसते. ब्राउझर खिडकी उघडून विचारतो, पण बरीच ॲप विचारत नाहीत आणि बंद पडतात. अभ्यासिकेत हा दोष आहे की गुण, ते तुम्ही आणि पालक ठरवा.

आणि पासवर्डने वेग वाढत नाही बरं का. १०० भागिले ६४ म्हणजे माणशी दीड एमबीपीएस. एचडी व्हिडिओला साधारण ५ लागतात, म्हणजे वीस जणांनी लेक्चर लावलं की लाइन भरली. नावं कळली की कोण किती ओढतंय ते लॉगमध्ये दिसेल. मग स्क्विडच्या डिले पूल्सने माणशी मर्यादा घालता येईल. तो वेगळा लेख होईल, तूर्त एवढंच.

राहिलं लॉगचं. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफे नियमांत प्रॉक्सीचे लॉग किमान १ वर्ष ठेवायला सांगितलं आहे. तुमची अभ्यासिका त्या व्याख्येत बसते का, ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या. बसत असेल तर जुने लॉग आपोआप काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची सेटिंग आजच बदला, कारण ती आपणहून फार थोडे दिवस जपते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये तुम्ही सांगता तसा प्रॉक्सी आहे. सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी (ते आयटीत आहेत) उठून सांगितलं की यातला पासवर्ड उघडा जातो आणि कोणीही वाचू शकतं. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, लिफ्टचा विषय राहून गेला. ते खरं बोलत आहेत का?
— सेक्रेटरी, एक गृहरचना संस्था, कोथरूड

उत्तर : खरं बोलत आहेत. लिफ्टचा विषय राहिला ही मात्र त्यांची चूक.

'बेसिक' पद्धतीत ब्राउझर नाव आणि पासवर्ड मध्ये अपूर्णविराम (:) घालून जोडतो आणि बेस६४ नावाच्या लिपीत लिहून पाठवतो. दिसायला ते अगम्य दिसतं, पण ते कुलूप नाही. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो तसलंच : माहीत असणाऱ्याला लगेच कळतं, आणि संगणकाला ती भाषा पाठ आहे. या पद्धतीचं जे प्रमाण कागदपत्र आहे, २०१५ चा आरएफसी ७६१७, त्यातच म्हटलं आहे की टीएलएससारख्या (एचटीटीपीएसमागचं कुलूप) बाहेरच्या सुरक्षेची जोड नसेल तर ही पद्धत सुरक्षित मानू नये.

तुमच्या बँकेच्या पानाचं कुलूप यात मदतीला येत नाही. ते कुलूप ब्राउझर आणि बँक यांच्यात असतं; प्रॉक्सीचा पासवर्ड त्याच्या आधी, ब्राउझर आणि क्लबहाउसमधला सर्व्हर यांच्यात जातो. वायफायच्या लहरींवर कूटबद्ध होतो खरा, पण डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत सगळ्यांची वायफायची किल्ली एकच असेल तर ती माहीत असलेला शेजारी योग्य वेळी कान लावून दुसऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. किल्ली तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली असणार.

उपाय तीन. डायजेस्ट पद्धत लावा : तिच्यात पासवर्ड तारेवर जातच नाही, सर्व्हरने दिलेल्या एका वापरून टाकायच्या आकड्याशी घोटून त्याचा ठसा तेवढा जातो. मदतनीस वेगळा असतो, डायजेस्ट_फाइल_ऑथ. दुसरा उपाय, प्रॉक्सीपर्यंतची वाटच टीएलएसने झाकायची. जमतं, पण प्रमाणपत्रं सांभाळायला कोणीतरी हवं. (ते आयटीतले सभासद?) तिसरा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या आवडीचा : सभासदांना पासवर्ड स्वतः ठरवू देऊ नका. सोसायटीने बनवून द्यावा. माणूस स्वतः ठरवतो तेव्हा हमखास ईमेलचा किंवा बँकेचाच पुन्हा वापरतो, आणि मग चोरीला गेलेली वस्तू क्लबहाउसच्या नेटपुरती राहत नाही.

प्रश्न : मी शास्त्री रस्त्यावरच्या एका अभ्यासिकेत बसते. आता तिथे नाव-पासवर्ड टाकल्याशिवाय नेट लागत नाही. मी काय बघते ते सगळं काकांना दिसतं का? इनकॉग्निटोमध्ये उघडलं तर? नाव छापू नका प्लीज.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, नाव कशाला छापू. पण काय दिसतं आणि काय नाही, ते तुला नीट माहीत असायला हवं, कारण त्या लॉगमध्ये आता तुझं नाव आहे.

काकांच्या सर्व्हरवर ॲक्सेस.लॉग नावाची फाइल असते. तू यूट्यूब उघडलंस की तिच्यात साधारण अशी नोंद पडते : वेळ (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत, त्यामुळे बघणाऱ्याला आधी हिशेब करावा लागतो), जोडणी किती मिलिसेकंद चालली, तुझ्या लॅपटॉपचा आयपी, निकाल, किती बाइट गेले, मग 'कनेक्ट' हा शब्द, मग यूट्यूब.कॉम:४४३, आणि मग तुझं नाव. बस. कोणता व्हिडिओ, काय शोधलंस, काय लिहिलंस, ते नाही. साइट एचटीटीपीएस असेल तर प्रॉक्सीला फक्त दाराचा पत्ता कळतो, घरात काय चाललंय ते नाही. साध्या एचटीटीपी साइटचा मात्र पानाचा पूर्ण पत्ता दिसतो. त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग स्क्विड आपणहून गाळतं.

त्या फाइलमध्ये तुझ्या पहिल्या ओळीत नावाऐवजी आडवी रेघ आणि निकालात 'डिनाइड/४०७' असेल. त्यात तुझा गुन्हा काही नाही. ब्राउझर आधी पासवर्डशिवायच जातो, प्रॉक्सी ४०७ म्हणून परत पाठवतो, मग ब्राउझर तुला विचारून नाव घेऊन पुन्हा जातो. 'तुझ्या नावावर नकाराच्या नोंदी आहेत' म्हणून कोणी ओरडलं तर हा परिच्छेद दाखव.

इनकॉग्निटोने यात काडीचा फरक पडत नाही. तो तुझ्या लॅपटॉपवर खुणा ठेवत नाही, काकांच्या सर्व्हरवर नोंद व्हायची ती होतेच.

एका गोष्टीला मात्र सरळ नाही म्हण. नेट लागण्यासाठी लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये 'एक सर्टिफिकेट इन्स्टॉल कर' असं कोणी सांगितलं तर ते कशासाठी, ते विचार. असं प्रमाणपत्र घेऊन प्रॉक्सी मध्ये बसून एचटीटीपीएस उघडू शकतो, मग घराच्या आतलंही दिसतं. नाव-पासवर्डासाठी त्याची गरज नसते. ऑफिसं आपल्या मालकीच्या लॅपटॉपवर करतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी. तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर नको.

प्रश्न : भोसरीत आमचं टूलरूम आहे, १४ संगणक. कोणाच्याही मशिनवर काही सेटिंग न करता, सगळी वाहतूक आपोआप प्रॉक्सीकडे वळवायची आणि तरी प्रत्येकाला पासवर्ड विचारायचा. स्क्विडमध्ये 'इंटरसेप्ट' घातलं आहे, पण पासवर्ड चालत नाही.
— भोसरी

उत्तर : चालणारही नाही. गुपचूप वळवलेल्या वाहतुकीत ब्राउझरला वाटतं की आपण थेट वेबसाइटशी बोलतोय. मध्येच कोणी 'मी प्रॉक्सी, पासवर्ड दे' म्हणालं तर त्याने तो देऊ नये हेच योग्य. नाहीतर रस्त्यावरच्या कोणीही मागितला असता. दोन्हींपैकी एक निवडा. पासवर्ड हवा असेल तर इंटरसेप्ट काढा आणि सेटिंग १४ मशिनवर हाताने करायचा कंटाळा असेल तर पीएसी फाइल (प्रॉक्सी कुठे आहे ते ब्राउझरला सांगणारी) लिहून डीएचसीपीच्या (मशिनला आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेच्या) २५२ क्रमांकाच्या पर्यायातून तिचा पत्ता वाटा. विंडोजमध्ये 'सेटिंग आपोआप शोधा' चालू असलं की ते तो उचलतं. मशिनवर विंडोजच्या डोमेनने लॉगइन होत असेल तर कर्बेरोस (डोमेनचं लॉगइनच ओळख म्हणून वापरणारी पद्धत) लावा, पासवर्डची खिडकीही येणार नाही आणि लॉगमध्ये नाव येईल.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकच संगणक आहे. प्रत्येक सभासदाला प्रॉक्सीचं वेगळं नाव दिलं आहे. पण एकाने उघडलं की पुढच्याला विचारतच नाही, आधीच्याच्याच नावावर चालू राहतं. लॉगआउटचं बटण कुठे आहे? मी क्रेडेन्शियल्सटीटीएल ५ मिनिटं करून पाहिलं, फरक नाही.
— सहकारनगर

उत्तर : बटण नाही. या पद्धतीत लॉगआउट ही कल्पनाच नाही. ब्राउझरने एकदा पासवर्ड घेतला की तो मनात ठेवतो आणि दर विनंतीबरोबर आपणहून चिकटवतो. तुम्ही बदललेली मुदत स्क्विडच्या आठवणीची आहे. ती संपली की स्क्विड मदतनिसाला पुन्हा विचारतं, 'हा पासवर्ड बरोबर का हो?' तो म्हणतो 'बरोबर'. माणसाला कोणी विचारत नाही. उगीच मदतनिसाला हेलपाटे, तेव्हा ती परत २ तास करून टाका.

ब्राउझर पूर्ण बंद केला की तो विसरतो. पूर्ण म्हणजे सगळ्या खिडक्या. क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहत असेल तर त्याच्या सेटिंगमधून ते थांबवा. 'पासवर्ड जतन करू का' याला कायमचं नाही म्हणून ठेवा. त्याहून बरं म्हणजे संगणकावर पाहुण्याचं खातं ठेवायचं आणि उठताना त्यातून साइनआउट करायचं, म्हणजे ब्राउझर आपोआप जातो.

आणि मॉनिटरच्या खाली एक पाटी लावा. मजकूर मी देते : 'उठताना ब्राउझर बंद करावा. न केल्यास पुढचा माणूस जे बघेल ते आपल्या नावावर चढेल. नंतर खुलासा ऐकला जाणार नाही.'